नोबिताचे नाव आणि भाकरीचा डबा

धाराशिव जिल्ह्यातील कोणत्याही गावी जा. उमरगा असो, कळंब असो, नाही तर परंड्याकडचे एखादे लहान खेडे असो. तिथल्या सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारा, ‘नोबिता कोण?’ मूल हातातला खेळ थांबवून सांगेल, की नोबिता म्हणजे चष्मा लावणारा, अभ्यासाचा कंटाळा करणारा, परीक्षेत शून्य आणणारा, जियानचा मार खाऊन रडत घरी येणारा आणि डोरेमॉनच्या पोटावरच्या खिशातून रोज नवे यंत्र मागणारा मुलगा. शिझुका कोण, सुनियो कोण, तेही सांगेल. ही सगळी नावे जपानी आहेत हे त्याला कोणी शिकवलेले नसते आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही.

कुटुंब पानाच्या वाचक भगिनी आम्हांला नेहमी विचारतात, की मुलांनी ही कार्टूने पाहावीत की पाहू नयेत. किती वेळ पाहावीत हे ज्या त्या घराने ठरवावे. आजचा आमचा विषय निराळा आहे. जपानमध्ये तयार झालेली हीच चित्रमालिका, जिला तिकडे ॲनिमे म्हणतात, ती अमेरिकेत गेली की तिचे काय होते आणि आपल्याकडे आली की काय होते, हे आम्ही थोडे तपासून पाहिले. वरवर पाहता हा पोरखेळाचा विषय वाटेल. पण त्यात नावाचा प्रश्न आहे, अन्नाचा प्रश्न आहे आणि मुलांना खरे सांगावे की नाही हाही प्रश्न आहे. हे तिन्ही प्रश्न आपल्या घरातले आहेत.

प्रथम डोरेमॉनचेच घेऊ. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या जपानी चित्रकाराने ही चित्रकथा १९६९ साली सुरू केली. १९७९ पासून ती जपानी दूरचित्रवाणीवर गाजली. भारतात २००५ साली हंगामा वाहिनीवर ती हिंदीतून आली. हिंदी करणाऱ्यांनी संवाद हिंदीत घेतले, पण नोबिताला नोबिताच ठेवले. त्याचे घर, बसके टेबल, जेवणाच्या काड्या, शाळा, सगळे जपानीच राहिले. डोरेमॉनला फार आवडणारा ‘दोरायाकी’ नावाचा पदार्थ असतो. दोन लहान गोड धिरड्यांच्या मध्ये लाल घेवड्यासारख्या कडधान्याचे गोड पुरण भरलेले असते. हिंदीत त्याचे ‘डोराकेक’ झाले. एवढाच काय तो फरक. आता कितीतरी आया मुलांच्या हट्टापायी घरच्या तव्यावर डोराकेक करून देतात.

हीच मालिका अमेरिकेत डिस्नेच्या वाहिनीवर पोचली २०१४ साली, म्हणजे आपल्यानंतर नऊ वर्षांनी. तिथे नोबिताचा ‘नोबी’ झाला, शिझुकाची ‘सू’ झाली, सुनियोचा ‘स्नीच’ आणि जियानचा ‘बिग जी’ झाला. दोरायाकीला ‘यमी बन’ म्हणू लागले. येनच्या नोटांच्या जागी डॉलर आले. जेवणाच्या काड्या पुसून हातात काटे दिले. परीक्षेतल्या शून्याच्या जागी नापासाचे ‘एफ’ हे अक्षर आले. घटना जपानच्या गावात घडते हेच मुलांना कळू नये, ती अमेरिकेतच घडते असे वाटावे, अशी सगळी तजवीज केली गेली. आणि हे जपानी मालकांच्या संमतीनेच झाले, हेही नमूद केले पाहिजे. परक्या बाजारात माल खपावा म्हणून त्यांनी आपल्याच पोराचे नाव बदलू दिले.

आता या नावांत काय आहे ते पाहा. जपानी भाषेत ‘नोबिरु’ म्हणजे वाढणे, उंच होणे. मुलगा झाडासारखा वाढावा या इच्छेने आईबापांनी त्याचे नाव नोबिता ठेवले, असे मूळ कथेतच सांगितले आहे. ज्या मुलाला शाळेत शून्य मिळते, ज्याला सारे हसतात, त्याच्या नावातच आईबापांची आशा आहे. ‘नोबी’ म्हटले की ती आशा गेली. शिझुका म्हणजे शांत. ‘सू’ म्हणजे काही नाही. आणि गंमत पाहा, जियान हे टोपणनाव मुळात ‘जायंट’ या इंग्रजी शब्दावरून आले आहे. इंग्रजीतून जपानीत गेलेला शब्दही अमेरिकेला ओळखीचा वाटला नाही, त्याचाही ‘बिग जी’ केला!

आमच्या वस्तीतील विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे आम्ही मोबाइलवर एकदा हिंदी आणि एकदा अमेरिकन डोरेमॉन मुलांना दाखवला. चौथीतली एक मुलगी बराच वेळ विचार करून म्हणाली, ‘काका, त्या पोरांना नोबिता म्हणता येत नाही का?’ आम्ही म्हणालो, ‘म्हणता येते की. पण त्यांच्या मोठ्यांना वाटते, की म्हणता येणार नाही.’ त्यावर सगळी मुले हसली. ज्या वस्तीत धड रस्ता नाही, तिथल्या मुलांनी नोबिता, शिझुका, सुनियो ही नावे विनासायास पचवली. आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत देशातल्या मुलांना ती पचणार नाहीत असे तिथल्या व्यापाऱ्यांनी परस्पर ठरवून टाकले. कमी पडली ती मोठ्यांची समज.

हा प्रकार काही नवा नाही. ओसामु तेझुका या थोर जपानी चित्रकाराची ‘तेत्सुवान आतोमु’ ही मालिका जपानमध्ये १ जानेवारी १९६३ पासून सुरू झाली. त्याच वर्षी ती अमेरिकेत गेली आणि यंत्रमानव मुलगा ‘आतोमु’ याचा ‘ॲस्ट्रो बॉय’ झाला. जपानमध्ये १९३ भाग झाले, त्यांतील १०४ भागांचे इंग्रजी झाले.

पुढे १९८५ सालचे एक उदाहरण आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला फार बोलके वाटते. अमेरिकेत सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवायचा तर निदान ६५ भाग हातात हवेत, असा व्यवहाराचा हिशेब होता. आठवड्याचे पाच, असे तेरा आठवडे. जपानी ‘माक्रोस’ मालिकेचे भाग होते ३६. ते पुरेनात. म्हणून तिला आणखी दोन स्वतंत्र मालिका जोडल्या, एक २३ भागांची आणि एक २५ भागांची. बेरीज झाली ८४. एक भाग इकडचे तिकडचे तुकडे जुळवून केला आणि ८५ भागांची ‘रोबोटेक’ उभी राहिली. तीन वेगवेगळ्या कथा, वेगवेगळी माणसे. पण संवाद असे लिहिले, की जणू आजोबा, मुलगा, नातू अशी एकच वंशावळ आहे. जमाखर्च जुळला. त्या मालिकेने अमेरिकेत अनेकांना या कलेची गोडी लावली हेही खरे आहे. परंतु मूळ लेखकांनी काय सांगितले होते, ते त्या बेरजेत कुठेच राहिले नाही.

हायाओ मियाझाकी यांचा ‘नौशिका’ हा १९८४ चा चित्रपट. माणसाने जमीन, पाणी, हवा विषारी करून टाकल्यावर एक मुलगी सूड न घेता जीवसृष्टी समजून घेऊ पाहते, अशी ती कथा. अमेरिकेत गेल्यावर तिच्यातली वीस मिनिटांहून अधिक कापली, नायिकेचे नाव ‘झँड्रा’ केले आणि ‘वॉरियर्स ऑफ द विंड’ या नावाने लढाईचा सिनेमा म्हणून विकली. करुणेची गोष्ट मारामारीची झाली. मियाझाकी आणि त्यांचे सहकारी यांना हे इतके लागले, की पुढे त्यांनी एक फ्रेमही कापायची नाही अशी अटच घातली. त्यांच्या ‘मोनोनोके’ या चित्रपटाच्या वेळी अमेरिकन वितरकाला निर्मात्याने एक जपानी तलवार भेट दिली आणि सोबत निरोप दिला, ‘कापाकापी नको’. हा किस्सा खरा असल्याचे मियाझाकी यांनी स्वतःच सांगितले आहे. तो चित्रपट १९९९ साली अमेरिकेत न कापता दाखवला गेला.

आता अन्नाकडे वळू. पोकेमॉन आपल्या मुलांना ठाऊक आहे. जपानमध्ये ही मालिका १९९७ साली सुरू झाली, १९९८ साली अमेरिकेत गेली. तिच्यातल्या सातोशी या मुलाचे नाव मूळ खेळ तयार करणाऱ्या सातोशी ताजिरी यांच्या नावावरून ठेवले होते. तो अमेरिकेत ‘ॲश’ झाला. त्याची मैत्रीण कासुमी ‘मिस्टी’ झाली, मित्र ताकेशी ‘ब्रॉक’ झाला. एका भागात हा मित्र सर्वांसाठी ‘ओनिगिरी’ आणतो. ओनिगिरी म्हणजे भाताचा हाताने दाबून केलेला गोळा. मजूर शेतावर नेतो, मुले डब्यात नेतात, प्रवासी शिदोरीला नेतात, असे हे साधे जपानी अन्न. अमेरिकन आवृत्तीत त्या भाताच्या गोळ्याला ‘डोनट’ म्हटले आहे, आत जॅम भरलेले! चित्रात पांढरा भात दिसतो आहे, त्याला लावलेली काळी पट्टी दिसते आहे, आणि कानावर शब्द येतो डोनट. पुढे काही भागांत तर चित्रच बदलून भाताच्या जागी सँडविच रंगवले.

भारतात २००३ साली कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून आले, ते याच अमेरिकन आवृत्तीवरून. म्हणून आपल्या मुलांना सातोशी माहीतच नाही, त्यांना ॲश माहीत आहे. जपान भात खाणारा देश, भारतही भात खाणारा देश. पण एका आशियाई घरातली गोष्ट शेजारच्या आशियाई घरात यायची, तर ती अमेरिकेला वळसा घालून, तिथे नाव बदलून, मग आली. डोरेमॉन थेट जपानीवरून हिंदीत आला म्हणून नोबिता नोबिता राहिला. पोकेमॉन वळशाने आला म्हणून सातोशी हरवला. अस्सल वस्तू कोणत्या वाटेने आपल्यापर्यंत आली, हे पाहण्याची सवय म्हणूनच हवी.

तिसरा मुद्दा खरेपणाचा. ‘ड्रॅगन बॉल झेड’ ही मालिका १९९६ साली अमेरिकेत दाखवली गेली, तेव्हा त्यात माणूस मेला असे म्हणण्याची सोय नव्हती. मेलेल्या पात्राला ‘दुसऱ्या जगात पाठवले’ असे म्हणत. एका प्रसंगात विमाने हवेत फुटतात आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणतो, की त्यांच्या हवाई छत्र्या दिसत आहेत, म्हणजे माणसे वाचली. चित्रात छत्री एकही नाही. मुलांच्या मनाला धक्का बसू नये हा हेतू असेल. परंतु मुलांचे डोळे एक पाहतात आणि कान दुसरे ऐकतात, तेव्हा मूल शिकते ते एवढेच, की मोठी माणसे खोटे बोलतात.

आपल्या जिल्ह्याने हे विशेष समजून घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली किल्लारी, सास्तूर या परिसरातली गावेच्या गावे कोसळली, हजारो माणसे गेली. त्या वेळची मुले आज चाळिशीत आहेत. त्यांना कोणी काय सांगितले असेल? त्यानंतरही दुष्काळाने, कर्जाने, नापिकीने शेतकऱ्याच्या घरातून माणूस जाण्याचे प्रसंग या जिल्ह्याने फार पाहिले. ज्या मुलाच्या घरात असे घडले आहे, त्याला ‘बाबा गावाला गेले’ असे सांगणारे नातेवाईक आम्ही पाहिले आहेत. हेतू चांगलाच असतो. पण मूल शाळेत जाते, तिथे दुसरे मूल खरे सांगून टाकते. मग त्या मुलाचा विश्वास घरावरून उडतो. दुःख असते, मरण असते, आणि त्यातूनही माणसाला वाट काढता येते, हे मुलांना त्यांच्या वयाच्या शब्दांत सांगता येते. जपानी मूळ कथा हे सांगायला घाबरत नाहीत. अमेरिकन व्यापारी घाबरले.

येथे कोणी म्हणेल, मग भाषांतर करूच नये काय? तसे आमचे म्हणणे नाही. सर्वांना जपानी कुठून येणार? लहान मुलांना खालची अक्षरे वाचता येत नाहीत, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाहीत. आवाज देण्याची कला मोठी आहे. चित्रातले तोंड जेवढा वेळ हलते तेवढ्याच वेळात आपल्या भाषेतले वाक्य बसवायचे असते. नुसता शब्दाला शब्द ठेवून ते जमत नाही. जपानमध्ये १९८९ साली तयार झालेली मोगलीची मालिका दूरदर्शनवर १९९३ च्या सुमारास हिंदीतून आली, तेव्हा गुलजार यांचे गीत, विशाल भारद्वाज यांचे संगीत आणि शेरखानला आपल्या नाना पाटेकरांचा आवाज, असा योग जुळून आला होता. रविवारी सकाळी ज्या घरी टीव्ही असे, त्या घराच्या ओसरीवर सारी गल्ली जमे. ते भाषांतर लोकांना आपले वाटले.

चांगल्या भाषांतराचा एक नमुना अमेरिकेतलाच देतो. मियाझाकी यांच्या ‘स्पिरिटेड अवे’ या चित्रपटात चिहिरो नावाची मुलगी एका मोठ्या सार्वजनिक स्नानगृहापाशी येते. जपानी प्रेक्षकाला इमारत पाहताच ती काय आहे ते कळते. अमेरिकन प्रेक्षकाला कळणार नाही म्हणून इंग्रजीत मुलीच्या तोंडी एक छोटे वाक्य घातले, की हे स्नानगृह आहे. बस्स, एवढेच. स्नानगृहाचे हॉटेल केले नाही, चिहिरोची चेरिल केली नाही. या चित्रपटाला २००३ साली ऑस्कर मिळाले. अनोळखी गोष्ट असेल तर एका वाक्यात समजावून सांगावी, ती पुसून टाकू नये, हे इथे दिसते.

आणि प्रेक्षकही शहाणा होत जातो. ‘सेलर मून’ मालिकेतील नायिकेचे नाव ‘त्सुकिनो उसागी’. त्याचा अर्थ ‘चंद्रावरचा ससा’. १९९५ साली अमेरिकेत तिची ‘सेरेना’ केली होती. पुढे तिथल्याच प्रेक्षकांना मूळ आवृत्तीची ओढ लागली. २०१४ पासून नव्याने इंग्रजी आवाज दिले, कापलेले भाग परत घातले आणि उसागीला तिचे नाव परत मिळाले.

हा चंद्रावरचा ससा कोणाचा, हे आमच्या वाचकांना सांगायला हवे काय? जातककथांमधला तो ससा, जो भुकेल्या याचकाला द्यायला आपल्याजवळ काही नाही म्हणून स्वतःचा देह आगीत झोकून देतो आणि ज्याचे चित्र चंद्रावर कोरले जाते. ती कथा बुद्धाच्या भूमीतून चीनला गेली, तिथून जपानला गेली आणि जपानी मुलीचे नाव होऊन बसली. जपानने ती कथा आपली केली, पण ससा ससाच राहिला आणि चंद्र चंद्रच राहिला. अमेरिकेच्या ‘सेरेना’ने पुसला तो असा आपल्याकडून निघालेला ससा.

ज्या तेझुकांचा उल्लेख वर केला, त्यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ नावाची मोठी चित्रकथा काढली. तिची सुरुवातच या सशाच्या कथेने होते. तिचे इंग्रजी भाषांतर आठ खंडांत भारतातही मिळते. २०११ साली तिच्यावर जपानमध्ये ॲनिमे चित्रपटही निघाला. तेझुकांनी सिद्धार्थाचा सातोशी केला नाही. कपिलवस्तू क्योतोला नेले नाही. एवढेच नव्हे, तर कथेच्या प्रारंभी त्यांनी चाप्रा नावाचा एक शूद्र गुलाम मुलगा आणि तत्ता नावाचा अस्पृश्य मुलगा उभा केला आहे. चाप्रा आपली जात लपवून सेनापतीचा मानलेला मुलगा होतो, पराक्रम करतो आणि शेवटी जात उघडी पडते तेव्हा त्याचे काय होते, हे वाचताना आपल्या माणसाच्या अंगावर काटा येतो. ही दोन्ही पात्रे तेझुकांच्या कल्पनेतली आहेत. तो ग्रंथ धम्माचा अभ्यास म्हणून वाचायचा नाही, ती कादंबरी आहे. परंतु दूरच्या जपानमध्ये बसलेल्या चित्रकाराने बुद्धाची गोष्ट सांगताना जातीचा प्रश्न गाळला नाही. कितीतरी देशी कथाकार तो सोयीने गाळतात.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमचे एक मित्र हे सगळे ऐकून म्हणाले, ‘भाऊ, नावे तर आपणही बदलली. आजोबाचे नाव कचरू, धोंडू, दगडू. नातवाचे सिद्धार्थ, राहुल, गौतम. मग अमेरिकेने बदलले तर दोष कसा?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की कचरू, दगडू ही नावे ठेवण्यामागे जगाने लादलेली हीनता होती. १९५६ नंतर आपल्या आईबापांनी स्वतः, स्वतःच्या मुलांसाठी, सन्मानाने नवी नावे निवडली आणि ती चारचौघांत मोठ्याने उच्चारली. विद्यापीठाच्या नामांतरासाठी या मराठवाड्याने किती सोसले आणि १४ जानेवारी १९९४ ला काय मिळवले, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. तेव्हा बदल वाईट नाही. बदल कोणी केला, कोणाच्या सोयीसाठी केला आणि त्यात काय लपवले, हे तीन प्रश्न विचारायचे. स्वतःला उजेडात आणण्यासाठी नाव बदलणे वेगळे आणि कोणाला आपण कोण ते कळू नये म्हणून बदलणे वेगळे.

हे दुसऱ्या प्रकारचे बदलणे आज आपल्या घरात शिरले आहे. आपला मुलगा पुण्या-मुंबईला नोकरीला लागतो आणि सिद्धार्थचा ‘सिड’ होतो. मित्रांनी लाडाने म्हटले तर त्यात काही वावगे नाही. पण आडनाव विचारले की विषय बदलतो, खोलीतली बाबासाहेबांची तसबीर घरमालक येणार म्हणून कपाटात जाते, ‘जयभीम’ फोनवर हळू आवाजात होतो. हा दोष त्या मुलाचा मानू नका. ज्या समाजात आडनाव ऐकून खोली नाकारली जाते, त्या समाजाचा तो दोष आहे. डोरेमॉनच्या मालकांनीही बाजाराला भिऊनच काड्यांचे काटे करू दिले. पण निदान घरात तरी आपण मुलांना हे शिकवू नये, की आपले मूळ म्हणजे कापून टाकायचा भाग आहे.

डब्याचेही तसेच आहे. तालुक्याच्या गावातील एका इंग्रजी शाळेत, शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही, ज्वारीची भाकरी आणि चटणी आणू नये, त्याऐवजी ब्रेडसारखे ‘स्वच्छ’ काहीतरी आणावे असे मुलांना सांगितले गेले. एका आईने ते मुकाट्याने मान्य केले. मुलीने तर त्याआधीच डबा झाकून खायला सुरुवात केली होती. आम्ही हे ऐकले तेव्हा आम्हांला तो डोनट आठवला. ओनिगिरीला डोनट म्हणणाऱ्यांना आपण हसतो आणि आपल्या भाकरीच्या जागी आपणच सँडविच रंगवतो. भाताचा गोळा जपानी मूल अभिमानाने खाते आणि आपली मुले ते पडद्यावर पाहून ‘आई, तसे करून दे’ म्हणतात. मग आपल्या भाकरीला लाज कसली? ज्वारी या मातीत पिकते, आपल्या आयाबाया ती काढायला उन्हात राबल्या आहेत.

शेवटचा मुद्दा मराठीचा. नोबिता जपानी, पण आपल्या घरात तो बोलतो हिंदी. मुले ‘मम्मी, मुझे भूख लगी है’ म्हणतात तेव्हा आपण कौतुकाने हसतो. बांगलादेशात हाच प्रश्न आला. मुले हिंदी बोलू लागली म्हणून तिथल्या सरकारने २०१३ साली हिंदी डोरेमॉनवर बंदी घातली आणि पुढे तो बंगालीतून आला. बंदी आम्हांला पटत नाही. दुसरी भाषा येणे ही मिळकतच आहे. पण बंगालीतून आला हे महत्त्वाचे. २०२५ साली ‘डीमन स्लेयर’ हा जपानी चित्रपट भारतात लागला, तो जपानी, इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगूतून. त्या यादीत मराठी नव्हती. तमिळ, तेलुगू लोक आपल्या भाषेत मागतात म्हणून त्यांना मिळते. आपण मागत नाही. आपल्या समाजात गाणारे, नाटक करणारे, जलशात आवाज लावणारे तरुण गावोगाव आहेत. आवाज देणे ही पोटापाण्याची विद्या आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

तेव्हा माता-भगिनींनो, मुलांच्या हातून मोबाइल हिसकावून घेण्याआधी एक दिवस त्यांच्याशेजारी बसा. अलीकडे बऱ्याच ठिकाणी एकाच चित्रपटाचे दोन-तीन भाषांतले आवाज निवडता येतात. पाच मिनिटे मूळ जपानी लावा. कळणार नाही, तरी माणसाचा खरा आवाज कसा होता ते मुलांना कळेल. त्यांना सांगा, की नोबिता म्हणजे वाढणारा. मग त्यांच्या स्वतःच्या नावाचा अर्थ विचारा, तो कोणी ठेवला आणि का ठेवला ते सांगा. आजोबांचे नाव काय होते आणि ते तसे का होते, हेही सांगा. लपवू नका. आणि सोमवारी डब्यात भाकरी द्या, सोबत शेंगदाण्याची चटणी जरा जास्त द्या, म्हणजे शेजारच्या मुलालाही देता येईल.

जयभीम.